मातीचे मावळे आणि शिशाचे शिपाई

संत गोरोबाकाकांच्या थापटण्याची कथा ठाऊक नाही असे घर आपल्या ज्ञातीत विरळा. तेर येथे संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी, यांतील पक्के मडके कोणते व कच्चे कोणते ते पाहा, असे काकांना सुचविले. आणि काकांनी हाती थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले. त्या परीक्षेत नामदेवांसारख्या भक्तश्रेष्ठाचेही मडके कच्चे ठरले. परीक्षकाने समोर कोण बसले आहे हे पाहिले नाही. नाद कसा उमटतो एवढेच ऐकले. तेच थापटणे आज आम्ही आपल्या व्यवसायाच्या एका लहानशा शाखेवर ठोकून पाहणार आहोत. ही शाखा म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावर मांडावयाची मातीची चित्रे.

विषय पोरखेळाचा आहे, स्मरणिकेच्या पानांत त्याला जागा कशाला, असे काही ज्येष्ठ बांधवांस वाटेल. परंतु अंगणातील दगडमातीच्या किल्ल्यावर जो मावळा उभा राहतो, तोच महाराष्ट्रातील बहुतेक मुलांचा इतिहासाशी पहिला परिचय असतो. क्रमिक पुस्तक त्यानंतर हाती येते. तेव्हा हा पहिला परिचय खरा करून द्यावयाचा की खोटा, हा प्रश्न चित्र घडविणाऱ्याचा, म्हणजे आपला आहे.

सैन्याच्या लहान आकृती घडवून त्या रांगेने मांडण्याची हौस अतिप्राचीन आहे. ईजिप्त देशात असियूत येथे मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात रंगविलेल्या लाकडी सैनिकांचे दोन ताफे सापडले. एकात ४० ईजिप्शियन भालाईत, तर दुसऱ्यात ४० न्यूबियन तिरंदाज. त्यांना सुमारे चार हजार वर्षे झाली. भालाइतांच्या ढालींवर जनावरांच्या कातड्याचे जे ठिपके रंगविले आहेत, ते प्रत्येक ढालीवर निराळे आहेत. चाळीस ढाली एकसारख्या रंगविणे सोपे होते. त्या अनामिक कारागिराने तो सोपा मार्ग सोडला, कारण प्रत्यक्षातील दोन ढाली कधी सारख्या नसतात हे त्याने पाहिले होते.

युरोपात हा उद्योग राजाश्रयाने वाढला. फ्रान्सचा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत १६६८ पासून तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करविण्यास आरंभ झाला. मूळच्या सहाशे फुटांस एक फूट हे त्यांचे बहुतेक प्रमाण. पॅरिसच्या एँव्हालिद वास्तूत त्यांपैकी पुष्कळ आजही पाहावयास मिळतात. वेढा कोठून घालावा व तट कोठे कच्चा आहे याचा विचार राजाने व सेनापतींनी करावा, यासाठी त्या होत्या. अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे चपट्या कथलाच्या शिपायांचा धंदा भरभराटीस आला. त्यांची रीत आपल्याला परकी वाटू नये. पाटीच्या काळ्या दगडाचे दोन तुकडे घासून सपाट करावयाचे, दोहोंवर आकृतीच्या दोन बाजू उलट्या कोरावयाच्या, तुकडे एकमेकांवर दाबून धरून वरच्या तोंडातून वितळलेले कथील-शिसे ओतावयाचे. आपल्या दुभागी साच्याचाच हा भाऊ. पुढे १८३९ मध्ये हाइनरिक्सन याने तेथे कारखाना काढला, आणि त्याने रूढ केलेली तीस मिलिमीटर उंची त्या व्यवसायाचे माप होऊन बसली. एक माप ठरल्यामुळे निरनिराळ्या वेळी घेतलेले शिपाई एकाच रणांगणावर शोभू लागले.

आज अशा मांडणीला सर्वत्र ‘डायोरामा’ म्हणतात. हा शब्द मूळचा निराळ्या वस्तूचा. दागेर व बूताँ यांनी १८२२ मध्ये पॅरिस येथे प्रचंड रंगीत पडद्यांवर प्रकाशाचा खेळ दाखविला, त्याला त्यांनी हे नाव दिले होते. पुढे ते लहान आकृतींच्या देखाव्यास चिकटले. आपण त्याला ‘रणदेखावा’ म्हणू.

या साऱ्या इतिहासात एका माणसाची कथा आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. विल्यम सायबोर्न हा ब्रिटिश सैन्यातील एक साधा अधिकारी होता. त्याचा जन्म १७९७ चा. १८ जून १८१५ रोजी बेल्जममध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला, त्या लढाईत तो नव्हता. परंतु भूमीचे मोजमाप व नकाशे यांत तो निष्णात होता व त्या विषयावर त्याने ग्रंथही लिहिले होते. १८३० मध्ये वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याची कामगिरी सेनाप्रमुखांकडून त्याच्याकडे आली. तो रणभूमीच्या मध्यावर असलेल्या ला ए सँत या शेतवाड्यात जाऊन राहिला आणि आठ महिने त्याने तेथील बांध, चढउतार, वाटा व पिके यांची मोजणी केली. त्याच्या आधीच, १८२६ मध्ये, तेथे सिंहाच्या पुतळ्याचा मोठा मातीचा ढिगारा उभा राहिला होता, व त्यासाठी लढाईतल्या मुख्य उंचवट्याचीच माती खणून नेली होती. विजयाच्या स्मारकाने विजयाची भूमीच बुजविली. म्हणून जे उरले नव्हते तेही त्याला विचारून, ताडून उभे करावे लागले.

जमीन मोजून झाली, पण तिच्यावर सैन्य कोठे ठेवावयाचे? देखावा एकाच क्षणाचा असू शकतो. सायबोर्नने सायंकाळच्या सुमारे सात वाजताचा, नेपोलियनच्या खाशा पलटणी शेवटचा हल्ला चढवितात तो क्षण निवडला. मग हयात असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे धाडली : त्या क्षणी तुमची पलटण कोठे होती, कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कोण होता, शेतात पीक कोणते उभे होते? सुमारे सातशे उत्तरे आली. एका खेळण्यासारख्या वस्तूसाठी इतकी साक्ष जमविल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. ती पत्रे आज इतिहासाभ्यासकांचे मोठे साधन झाली आहेत. त्यांतील निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ मध्ये छापली.

१८३३ मध्ये सरकारने पैसा देणे थांबविले. सायबोर्नने वर्गणी व कर्ज यांवर काम पुढे रेटले. अखेर १८३८ मध्ये लंडन येथे प्रतिकृती प्रदर्शनात मांडली गेली. तिची प्रत्येक बाजू अठरा फुटांहून अधिक, आणि तिच्यावर एकेका सेंटिमीटरच्या आसपास उंचीचे सत्तर हजारांवर शिशा-कथलाचे शिपाई. सुमारे एक लाख लोकांनी पैसे देऊन ती पाहिली. तरीही त्याच्या हाती नफा आला नाही.

तथापि सायबोर्नची खरी कसोटी पैशाची नव्हती. वॉटर्लूच्या दिवशी ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याच्या मदतीस ब्लूखर या सेनानीचे प्रशियन सैन्य धावून आले होते. ते केव्हा आले, कोठवर आले व विजयात त्यांचा वाटा किती, हा नाजूक प्रश्न होता. प्रशियनांकडून मिळालेल्या माहितीवरून सायबोर्नने सात वाजताच्या देखाव्यात प्रशियन सैन्य फ्रेंचांच्या बगलेवर दाट संख्येने दाखविले. ते वेलिंग्टनच्या वर्तुळातील अधिकाऱ्यांस रुचले नाही. एकट्या ब्रिटिश पराक्रमाचे श्रेय त्यामुळे वाटले जात होते. शेवटी सायबोर्नने आपली चूक झाल्याचे मान्य केले व हजारो प्रशियन आकृती पटावरून निघाल्या. ही भीड होती की मनःपूर्वक मतांतर होते, याविषयी अभ्यासकांत आजही वाद आहे. वाद कसाही सुटो. एवढे खरे की जे शिपाई पटावरून उचलले गेले, ते पाहणाऱ्या लाखो डोळ्यांपुरते लढाईतूनच उचलले गेले. लेखणीने एखादे वाक्य गाळले तर वाचकास कोठेतरी फट जाणवते. देखाव्यात गाळलेल्या माणसाच्या जागी हिरवे गवत दिसते, आणि गवताविषयी कोणी शंका घेत नाही.

सायबोर्न १८४९ मध्ये वारला. त्याची प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्ये आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. शाडू मळून साच्याच्या दोन्ही भागांत दाबावी, कडा ओल्या करून जोडाव्यात, सावलीत वाळवावे, पांढरीचा हात द्यावा, मग अंगाचा रंग, मग वस्त्रांचा, शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीला घरातील सर्वांत स्थिर हात लागतो, आणि तो बहुधा घरातील वडीलधाऱ्या बाईचा असतो. ही परंपरा महाराष्ट्रापुरतीच नाही. बंगालमध्ये कृष्णनगरच्या घूर्णी भागातील पाल घराणी, म्हणजे तिकडील आपलेच व्यवसायबंधू, मातीच्या लहान मूर्तींसाठी विख्यात आहेत. त्यांचे काम १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनापर्यंत पोचले होते.

परंतु हात कसबी असला म्हणून चित्र खरे होते असे नाही. आमच्याच घरचे उदाहरण सांगतो. आमच्या आजोबांपासून चालत आलेला मावळ्याचा एक साचा होता. चेहरा करारी, मुंडासे डौलदार. मात्र हाती बंदूक, आणि बंदुकीच्या टोकाला संगीन! शिवकाळी तोड्याच्या बंदुका होत्या, पण संगिनी लावलेल्या बंदुका पुढील काळातल्या. ज्याने तो साचा प्रथम कोरला त्याने छावणीतील इंग्रजी पलटणीचा शिपाई पाहिला असावा, व तोच मुंडासे घालून महाराजांच्या पायथ्याशी उभा केला असावा. आमच्या तीन पिढ्यांनी तो विकला. चूक आमच्या ध्यानी आली त्यानंतरही काही वर्षे आम्ही तो विकला, हे येथे कबूल केले पाहिजे. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत हंगाम वीस दिवसांचा. साचा मोडावा तर हंगाम बुडतो, आणि गिऱ्हाईक तर संगीनवालाच मागते. ही सबब सायबोर्नच्या कर्जाच्या जातीचीच होती. अखेर आम्ही नवा साचा केला, ढाल-तलवारीचा. पहिल्या वर्षी तो कमी खपला. एका मुलाने मात्र विचारले, ‘याची बंदूक कोठे गेली?’ आणि त्याला उत्तर देताना जो इतिहास सांगून झाला, तो आमच्या साऱ्या जुन्या विक्रीत कधी सांगून झाला नव्हता.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. आपला मावळा साधारण चार इंचांचा असतो. साडेपाच फुटांचा माणूस चार इंचांत आणला, म्हणजे मूळ वस्तू साडेसोळा पटींनी लहान केली. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फूट उंच आहे; त्याच मापाने अंगणातील रायगड १६० फुटांहून उंच करावा लागेल. तेव्हा दोन हातांच्या किल्ल्यावर चार इंचांचा मावळा हे अपरिहार्य असत्य आहे. सायबोर्नलाही ते चुकले नाही. एका मैलास नऊ फूट या त्याच्या मापाने शिपाई जेमतेम तीन मिलिमीटरचा व्हावयास हवा होता; त्याने तो तिपटीहून मोठा केला, कारण न दिसणारा शिपाई मांडून उपयोग काय? अशा असत्यास आमचा आक्षेप नाही. ते उघड्यावर असते व पाहणाऱ्यास कळते. आक्षेप आहे तो लपविलेल्या असत्यास.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपला साचा एकच आणि लढाया अनेक. प्रतापगड १६५९ चा, पानिपत १७६१ चे, असई १८०३ ची. पण गिऱ्हाइकाला आपण तिन्हींसाठी तोच मावळा बांधून देतो. असईचे नाव आम्ही मुद्दाम घेतले, कारण वॉटर्लूचा वेलिंग्टन तो हाच. त्या वेळी तो आर्थर वेलस्ली होता, आणि आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याशी त्याची गाठ पडली. नदीस उतार नाही असे वाटाडे सांगत असता, दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसतात त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असे ताडून त्याने तेथे नदी ओलांडली. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमान या जर्मन सेनानीच्या हुकुमाखाली होत्या. त्यांनी झपाट्याने तोंड फिरवून नवी फळी धरली. तोफखान्याचे गोलंदाज तोफांपाशीच पडून राहिले, आणि इंग्रजी रांगा पुढे निघून जाताच काहींनी उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मृत व जखमी झाले. पराभव झाला, परंतु हा पराक्रम कोणत्या किल्ल्यावर, कोणत्या मुलाने पाहिला आहे? मावळ्याच्या साच्यातून तो गोलंदाज निघणार नाही. त्याला त्याचा स्वतःचा साचा हवा.

आणि असईचा देखावा मांडावयाचा तर आणखी एक चित्र मांडावे लागेल, जे मांडताना हात थरथरेल. १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. त्या दिवशी म्हैसूरच्या स्वारांबरोबर पेशव्यांचे घोडदळही वेलस्लीच्या पक्षास होते. म्हणजे मराठी घोडेस्वार दोन्ही बाजूंस उभे करावे लागतील. ते स्वार पटावरून उचलून ठेवण्याचा मोह आपल्याला होईल. वर्गणीदार सांगतील, मंडळाचे चालक सांगतील, कदाचित आपले मनही सांगेल की मुलांपुढे हे कशाला? त्या वेळी आपण सायबोर्नचे प्रशियन आठवावेत. ते स्वार उचलले, की आपण असई का हरलो हे मुलाला कधीच कळणार नाही. केवळ हरलो एवढेच कळेल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्यासह अकरा महाराष्ट्रातील, व बारावा तामिळनाडूतील जिंजी. ही गौरवाची गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे किल्ल्यांच्या प्रतिकृतींची मागणी वाढेल. ती मागणी आपण कशी पुरवावी? रबरी साच्यातून प्लॅस्टरचे सहस्रावधी मावळे काढणे कोणासही साधते. त्यात कुंभाराच्या हातांची गरज नाही, आणि त्या शर्यतीत आपण टिकणार नाही. परंतु ज्या मावळ्याला साल आहे, ज्याच्या हातचे शस्त्र त्या सालाचे आहे, तो अभ्यासाशिवाय निघत नाही. आपल्या धंद्याचे संरक्षण आम्हांस तेथे दिसते.

याकरिता ज्ञातिबांधवांपुढे तीन सूचना ठेवतो. प्रत्येक नव्या साच्याच्या पाठीवर, हे चित्र कोणत्या लढाईचे व कोणत्या सालाचे, ते कोरावे. ज्याचे साल कोरता येत नाही तो साचा अद्याप कच्चा समजावा. ज्ञातीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी बखरी व इतिहासग्रंथ वाचून, संग्रहालयांतील शस्त्रे व वस्त्रे पाहून टिपणे करावीत व ती साचे कोरणाऱ्यांस द्यावीत. लेखणी आणि माती यांची आपल्यात झालेली फारकत एवढ्याने तरी कमी होईल. आणि किल्ल्यावर केवळ लढवय्या नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावर आधी पाणी पाहावे असे सांगितले आहे, तर टाक्यावर पाणी भरणारी बाई, कोठारातले रांजण आणि ते घडविणारा कुंभारही त्या देखाव्यात असू द्यावा. आपणच आपल्याला पटावरून उचलून ठेवले आहे.

आमच्या घरचा तो संगीनवाला साचा आम्ही फोडला नाही. माळ्यावर जपून ठेवला आहे. आजोबांच्या हातचा म्हणून त्याविषयी आदर आहेच. पण दरवर्षी चित्रांचे काम काढण्यापूर्वी तो खाली आणून घरातील मुलांना दाखवितो आणि त्यात चूक कोणती ते विचारतो. यंदा धाकट्या नातीने ती न सांगता ओळखली.